कानबाईचा रोट

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी उधन्याच्या मराठी शाळेत इतिहास शिकवायचे. चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या भाकरीत ख्रिस्ताचं शरीर खरोखर असतं, असं सुरुवातीचे लुथरन पंथाचे ख्रिस्ती मानत. ती नुसती खूण आहे म्हणणाऱ्यांना ते पंगतीला घेत नसत. हे शिकवताना मी फणकारले, "भाकरीवरून एवढं भांडण!"

श्रावणात एका खानदेशी विद्यार्थिनीकडे कानबाई देवीच्या सणाला गेले. तिच्या आईने पुरणपोळ्या आग्रह करकरून वाढल्या. नैवेद्याचा रोट मात्र दिला नाही. तो फक्त भाऊबंदांनी खायचा म्हणे.

"अहो, शेवटी गहूच ना तो?" मी चिडले.

विद्यार्थिनी खुदकन हसली. "मॅडम, नुसता गहूच असेल, तर तुम्ही रागावता कशाला?"