काटा लालमध्ये, शेठ पाड्यावर

बोनेट उघडून मी रेडिएटरच्या नळीला हात लावला. नळी गार. गाडी रात्रभर अंगणात उभी, म्हणजे गारच असणार. पण नुसती चावी फिरवली तरी डॅशबोर्डवरचा टेम्परेचरचा काटा लालमध्ये गेला आणि पंखा भणभणायला लागला.

"आठवडाभर हेच चाललंय," ड्रायव्हर काशिनाथ म्हणाला. "वाटेत काटा उडतो. मग मी गाडी थांबवून बोनेट उघडतो, अर्धा तास बसतो."

माझं गॅरेज मुरबाडला. गाडी वसंतशेठची, भाताच्या गिरणीवाल्यांची; बघायला त्यांच्याच घरी गेलो होतो. दोन हजार सालानंतरची गोष्ट. शेठ पंचायत समितीला उभे होते. म्हसा गावापासून सिद्धगडाच्या पायथ्यापर्यंत प्रचार चालला होता.

इंजिन खरंच तापलं तर काटा हळूहळू चढतो, नळीला हात लावता येत नाही, पाणी कमी होतं. इथे पाणी काठोकाठ. काटा मात्र उड्या मारत होता, पंखा थांबत नव्हता आणि सकाळी गाडी स्टार्ट व्हायला कुरकुरत होती. इंजिन किती तापलंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा एक बोटभर सेन्सर असतो. तोच खोटं सांगत होता. गार इंजिनाला गरम समजून कॉम्प्युटर पेट्रोल कमी सोडत होता.

शेठ बाहेर आले तसं मी म्हटलं, "शेठ, कल्याणहून सेन्सर मागवतो. उद्या बसवतो."

शेठनी मला बाजूला घेतलं. "जरा थांब. निवडणूक होऊ दे."

"अहो, खरंच तापली तर कळणार नाय. इंजिनचं हेड जाईल."

"माझी सीट जाईल त्याचं काय? परवा एका पाड्यावर थांबावं लागलं. जन्मात तिथे पाय ठेवला नव्हता. बायांनी पाणी दिलं, हातपंपाचं गाऱ्हाणं सांगितलं. मी म्हटलं, मुद्दाम तुमच्यासाठी थांबलो. आता सगळीकडे बोलतायत, शेठ दारात येऊन बसतो!"

मी काशिनाथला तेवढं बजावलं, रोज पाणी बघ आणि थांबलास की नळी चाचपत जा.

शेठ निवडून आले. पाड्यांनी एकगठ्ठा मतं दिली होती. टपावरचा गुलाल धुण्याआधीच गाडी माझ्या दारात.

"आता बदल रे लवकर. मीटिंगांना उशीर होतो."

सेन्सर बदलला. काटा मधोमध येऊन शहाण्यासारखा बसला.

पावसाळ्यानंतर त्याच पाड्यावरची एक बाई बाजारात काकड्या विकून गॅरेजवर आली.

"मिस्त्री, शेठची गाडी तूच नीट केलीस ना?"

"हो."

"मंग पैल्यासारखी कर. भुर्रकन निघून जाते. आमचा पंप अजून नाय बसला."

"मावशी, गाडी बिघडायची म्हणून थांबायचे, हे तुमाला ठाऊक होतं?"

"बोनेट उघडं टाकून बसायचा तो. आमी काय आंधल्या हाव? पण थांबायचा तरी!"

काटा एकदम उडाला तर आधी सेन्सर बघा, हळूहळू चढला तर गाडी लगेच थांबवा, असं मी गिऱ्हाइकांना अजून सांगतो. मावशीला मात्र त्या दिवशी म्हटलं, पुढच्या निवडणुकीला गाडी परत बिघडेल.