हयात नवऱ्याची विधवा

नुसता फोटो बघून अंगावर काटा येतो, हे मला नव्वदच्या दशकात आमच्या विद्यापीठातल्या एका प्रदर्शनात कळलं. तोवर काशीत आमच्या रामघाटावर फोटो म्हणजे एक तर लग्नातले, नाही तर हार घातलेले. इथे मात्र नावेचा गंजलेला खिळा, चहाच्या फुटक्या कुल्हडांचा ढीग, दोरीवरचं नऊवारी लुगडं, असलं रोजचंच काहीबाही भिंतभर मोठं करून लावलेलं. मी खुळ्यासारखी बघत राहिले. शेवटच्या भिंतीवर माझी आई होती.

ओलेती, कमरेवर गंगेची कळशी, मोकळं कपाळ. मंगळसूत्र, बांगड्या ओल्या पदराखाली. शेजारी चिठ्ठी, 'काशी की विधवा'.

आमच्याकडे कुलाचाराच्या दिवशी बाई ओलेत्याने पाणी आणते आणि कुंकू घरी येऊन देवापुढे लावते. त्या शहाण्याने नेमकं मधेच तिला टिपलं आणि माझ्या चांगल्या धडधाकट बापाला मारून टाकलं. विचारायला तोंड नव्हतं?

दुर्गाघाटावरच्या काकूंनीही तो फोटो पाहिला. त्यांच्याकडे देवीचं बोडण होतं. त्याला सवाष्णीच लागतात, आणि आईला नेहमी पहिलं बोलावणं. या वेळी निरोप आला, "तुम्ही नका येऊ. तुमचे हे आहेत, ठाऊक आहे, पण मनात शंका आली ती आलीच." आई त्या दिवशी जेवली नाही. माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी बाबांना पगडी-उपरण्यात नेलं आणि त्या फोटोखाली खुर्ची टाकून बसवलं. येईल त्याला बाबा हात जोडून सांगत, "हम इनके पति हैं. अभी ज़िंदा हैं." लोक खो खो हसायला लागले. फोटोवाल्याचा चेहरा खर्रकन उतरला. मला इतकं बरं वाटलं, की आजही सांगताना वाटतं.

त्याने चिठ्ठी काढली, कान धरले. बाबा लगेच विरघळले. "जाऊ दे गं, पोर आहे."

मी म्हटलं, "फोटो भी उतारिए."

तो रडकुंडीला आला. हा फोटो दिल्लीला जाणार आहे, असा पुन्हा हातून निघणार नाही, म्हणाला.

ते मलाही दिसत होतं. कळशीवरून ओघळणारं पाणी, पायरीवरचं ऊन, आईची ती मान. तिला इतकं देखणं कुणी कधी पाहिलं नव्हतं, आम्हीसुद्धा. दुसरा कुठला फोटो असता तर लोक विसरले असते, चिठ्ठीवर भागलं असतं; हा मोकळ्या कपाळाचा कुणी विसरणार नव्हतं. या फोटोची मी निगेटिव्हही मागितली. उद्या बाबांना परत आणून बसवते म्हटल्यावर ती मिळाली, आणि मी ती त्याच्यासमोर कात्रीने कापली.