अंजूचं अर्धं गाणं

अंजू परबने सोशल मीडियावरचं आपलं जुनं खातं आईच्या तेराव्यानंतर बंद केलं. रजा संपवून ती मरोळच्या आमच्या ऑफिसात आली आणि खातं बंद करण्याआधी काढलेला स्क्रीनशॉट फोनवर माझ्यासमोर धरला. आईच्या फोटोखाली रडके चेहरे, आणि त्याखाली अस्थिविसर्जनाच्या पॅकेजची जाहिरात. "बघ, माझी आई ह्यांना गिऱ्हाईक वाटली!"

तिथून ती गेली ती कुठल्याच कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या एका जाळ्यावर. हौशी माणसं आपापले सर्व्हर चालवतात आणि ते एकमेकांना जोडतात, एवढंच मला कळलं. तिच्या आग्रहाखातर मीही खातं काढलं. समोर कोरा पडदा.

"इथे चिटपाखरू नाही यार."

"इथे कोणी आयतं ताट वाढत नाही गं. शोधावं लागतं."

ती शोधायचीही. एकाच्या ओळखीने दुसऱ्याकडे जात तिने देवगडचा होडी दुरुस्त करणारा गाठला, चेंबूरच्या गच्चीवरून घुबडं न्याहाळणाऱ्या एक बाई गाठल्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या गोष्टी सांगताना तिचा डबा तसाच राहायचा.

पण तिचा खरा शोध वेगळा होता. तिची आई गौरीच्या फुगडीला एक गाणं म्हणायची. अंजूला त्याची दोनच कडवी यायची, तिसरं आईबरोबर गेलं. आपल्या घोगऱ्या आवाजात ती दोन कडवी म्हणून ती पुन्हा पुन्हा टाकायची: ह्याच्या पुढचं कुणाला येतं का? मी इमानेइतबारे लाइकचे बदाम द्यायचे.

"बदाम काय चाटू? इथे पुढे पाठवलंस तरच चार लोकांना दिसतं. ढकल ना पुढे!"

मी हो हो म्हणायचे. खरं सांगायचं तर ते बेसूर गाणं माझ्या नावाने पुढे जायची मला लाज वाटायची.

डोकं दुखतंय म्हणून अंजू एका दुपारी घरी गेली आणि तिसऱ्या दिवशी गेलीच. ऑफिसच्या ग्रुपवर सकाळी जोडलेले हात आले, दुपारी कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. स्मशानातून परतल्यावर मी तिचं गाणं पहिल्यांदा पुढे पाठवलं. दोन वर्षं ती एवढंच मागत होती.

चार दिवसांनी त्या गाण्याखाली कुडाळच्या एकाचं उत्तर आलं, अंजूला उद्देशून. सोबत एका म्हातारीच्या कापऱ्या आवाजातलं तिसरं कडवं. ऑफिसच्या जिन्यात बसून मी ते ऐकलं आणि तोंडावर ओढणी धरून रडले. खाली त्याने लिहिलं होतं, "ताई, ह्या माझ्या आजयेन म्हटला. ती इचारता, तुमची आई असाच म्हणी काय?"

ते सांगणारं आता कोणीच उरलेलं नाही.