तळाच्या वरची रेघ

भिकन स्क्रू काढला की त्यावर फुंकर मारायचा आणि मग बशीत ठेवायचा. सोल्डर करताना श्वास धरायचा. रेडिओ उघडण्याआधी बोटाच्या पेराने त्याच्या पाठीवर टकटक करून कान द्यायचा. गिऱ्हाइकाला 'काय झालं' असं कधी विचारायचा नाही. 'कधीपासून गप्प आहे?' असं विचारायचा. चहा बशीत ओतून परत कपात ओतायचा आणि कपानेच प्यायचा. नदीवर गेलो तर पाण्याकडे पाठ करून बसायचा नाही.

मी मराठी घेऊन बी.ए. झालो होतो आणि घरी बसून होतो. दुपारी नाशिकच्या भद्रकालीत भिकनच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात जायचो. तो मला साहित्यिक म्हणायचा. "साहित्यिक, ती वायर धर. शब्द नंतर शोध."

८३ सालच्या उन्हाळ्यात घोटीकडच्या एका धरणावरच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन कारभारी दुकानात आले. त्यांनी मुंबईहून भंगारात निघालेल्या बोटीवरचं मासे शोधायचं यंत्र आणलं होतं. एक पेटी, पेटीत कागदाचं रीळ, कागदावर फिरणारी सुई. पेटीतून निघालेल्या वायरच्या टोकाला तळहाताएवढी जड चकती. चकती पाण्यात आवाज सोडते. आवाज तळाला किंवा माशाला लागून परत येतो. सुई कागद जाळून तिथे रेघ काढते. भिकनने हे मला समजावलं तेव्हा कारभारीही लक्ष देऊन ऐकत होते.

"मोठ्या बोटींना बुडाला भोक पाडून चकती बसवतात," भिकन म्हणाला.

"भोक नाही पाडायचं. सरकारी योजनेतली नवी होडी आहे. मला लोक धरणात बुडवतील."

"मग आतून चिकटवू. फायबरमधून आवाज जातो. मधे हवा तेवढी राहू द्यायची नाही."

कारभारी गेल्यावर भिकन बराच वेळ चकती हातात फिरवत बसला. त्याच धरणात त्याचा धाकटा भाऊ नाथा बुडाला होता. मित्रांबरोबर पोहायला गेला, काठच्या मोठ्या खडकावरून उडी मारली आणि वर आला नाही. गळ टाकले, जाळी ओढली. काही सापडलं नाही. या गोष्टीला काही वर्षं झाली होती, पण त्यांची आई, वत्सलाबाई, रोज नाथाचं ताट वाढायची. त्याचा फोटो तिने ट्रंकेत ठेवला होता. भिंतीवर लावू देत नव्हती. गेलेल्या माणसासाठीची वंदना, पुण्यानुमोदन, काहीच होऊ दिलं नाही. वाढलेल्या ताटासमोर बसून भिकनला जेवावं लागायचं.

"आता पाण्यात काय उरलं असणार?" मी विचारलं.

"काही नाही. पण सगळा तळ बघितला, असं आईला सांगता येईल."

सोसायटीची होडी बहिरू चालवायचा. जन्म धरणाच्या काठी गेलेला, तोंडाने अखंड चालू. भिकनने होडीच्या मागच्या भागात, आतल्या बाजूने, पेन्सिलने वर्तुळ काढलं. त्याच्या आतला भाग घासून गुळगुळीत केला, स्पिरिटने पुसला. डब्यात चिकटवायचं रसायन कालवून ओतलं आणि चकती हळूहळू पिळत दाबली, म्हणजे हवेचे बुडबुडे कडेने निघून जातात.

"बायको नांदायला आणल्यासारखी बसवताय, मिस्तरी," बहिरू म्हणाला.

"बोलू नको. हलतंय."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही पाण्यात गेलो. वारा नव्हता. सुई फिरू लागली, जळक्या कागदाचा वास आला. खाली तळ उमटू लागला. जुन्या नदीचा खोलगट भाग दिसला, मासे बारीक कमानीसारखे दिसले. बहिरू खूश झाला. मग तळाच्या वर आणखी एक रेघ दिसली. बारीक, सरळ. तळ खाली जायचा, वर यायचा. ती रेघ होडीपासून तेवढ्याच अंतरावर राहायची. आम्ही वळलो तरी होती. थांबलो तरी होती.

बहिरूने मोटर बंद केली. "हे काय हाय?"

"हवा राहिली असेल."

"हवा आपल्या मागं येती व्हय?"

परत येताना बहिरू पहिल्यांदाच गप्प होता.

तो मासे घेऊन नाशिकच्या बाजारात यायचा. लवकरच बातमी भिकनच्या वस्तीत पोचली. नाथा होडीच्या खालून चालतो. वत्सलाबाई ऐकेना. तिला होडीत बसवावं लागलं. कागदावर रेघ आली तेव्हा तिने त्यावर बोट ठेवलं आणि सुईबरोबर पुढे सरकवत नेलं.

"जेवलास का रे?" ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने ताटात दोन भाकरी जास्त वाढल्या. घरात ती गुणगुणत होती. भिकनने ताट अर्धंच सोडलं.

मग धरणावर जाऊन त्याने छिन्नीने चकती काढली. खाली घट्ट झालेल्या रसायनात पिवळे तांदूळ होते. प्रत्येक दाण्याभोवती हवेचा एक बुडबुडा. त्याने बहिरूकडे बघितलं.

"तुम्ही डबा ठेवायला वळला तेव्हा मीच टाकल्या. कायमचं बसवायचं म्हणल्यावर अक्षता नको? जात्याखाली टाकतो, उंबऱ्याखाली टाकतो. चुकलं का काय?"

भिकन हसायला लागला. खूप वेळ हसला. "बहिरू, माझी आई तुझ्या अक्षतांना भाकरी वाढते रे."

त्याने तांदूळ अडकलेल्या रसायनाचा तो तुकडा घरी नेऊन आईपुढे ठेवला. तिने तो हातात घेतला नाही.

"तांदूळ मला नको दाखवू. नीट बसव. मी परत येते होडीत. नसेल दिसत, तर लाव फोटो."

चिकटवण्याआधी जागा तपासून बघता येते. भिकनने होडीच्या बुडात थोडं पाणी ओतलं आणि त्यात चकती सपाट धरली. मधे फक्त पाणी. रसायन नाही, तांदूळ नाही. वत्सलाबाई पुढच्या टोकाला आमच्याकडे पाठ करून बसली. बहिरू मोटरपाशी. पुन्हा दुपार, पुन्हा वारा नाही.

कागद स्वच्छ आला. नुसता तळ. भिकनचा चेहरा सैल झाला. मला त्याने डोळा मारला. आम्ही धरणाचा अर्धा भाग फिरलो, मग होडी त्या मोठ्या खडकाजवळून निघाली.

रेघ आली. तशीच बारीक. तळाच्या वर.

भिकनने चकती सरकवली, दाबली, आणखी पाणी ओतलं. रेघ हलली नाही. खडक मागे पडला तरी ती आमच्याबरोबर येत राहिली. जळका वास नाकात बसला. मी होडीच्या कडेवरून खाली पाहिलं. हिरवं पाणी होतं. आणखी काही नव्हतं.

"दिसतोय का?" वत्सलाबाईने मागे न वळता विचारलं.

सुई तीन-चारदा फिरली.

"नाही, आई. तळ आहे नुसता."

त्याने यंत्र बंद केलं. वत्सलाबाईने हात पाण्यात बुडवला, तसाच थोडा वेळ ठेवला, मग पदराला पुसला.

"लाव मग फोटो," ती म्हणाली.

काठावर बहिरू तिला चहा द्यायला झोपडीत घेऊन गेला. भिकन होडीतच बसला. त्याने जागा पुसून कोरडी केली, रसायन कालवलं. चकती हातात घेतली आणि वर्तुळावर धरून बसला. डब्यातलं रसायन तापलं, त्यातून धूर निघाला.

"भिकन, घट्ट होतंय ते."

"होऊ दे."

"नाहीतर दुसरं कालव."

"आता तांदूळ नाही, हवा नाही," तो म्हणाला. "आता चिकटवली तर तो कायमचाच बसेल." कालवायची काडी डब्यात उभीच अडकली. त्याने चकती फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकली.

रविवारी फोटो भिंतीवर लागला. वस्तीतले लोक आले, वंदना झाली. वत्सलाबाई खीर वाढत सगळ्यांत फिरली. त्या रात्री तिने दोनच ताटं घेतली. भिकन पोटभर जेवला, असं तिनेच मला सांगितलं.

कारभारींचे निरोप येत राहिले. भिकन प्रत्येकाला 'पुढच्या आठवड्यात येतो' म्हणायचा. पावसाळा सुरू झाला. श्रावणात त्याला कावीळ झाली आणि तो गेला. अजून मला ते वाक्य नीट लिहिता येत नाही.

दिवाळीनंतर मी यंत्र परत द्यायला धरणावर गेलो. होडी काठावर पालथी होती. बहिरूने आणि मी ती सुलटी केली. आत पेन्सिलचं वर्तुळ आहे. आतला भाग घासलेला, पुसलेला, तयार आहे. बसवायचं राहिलं.