पाल्याच्या भरवशावर

प्रयोगशाळेत तिला सगळे मोजणीबाई म्हणत. वेदनाशामक गोळ्यांनी उंदरांच्या जठराला किती जखमा होतात, त्या भिंगाखाली मोजायचं काम ती एकोणीस वर्षं करत होती. कुठल्या उंदराला नुसती गोळी दिली आणि कुठल्याला आधी पाल्याचा अर्क पाजला, हे तिला मोजताना कुणी सांगत नसे. आकडे लिहायचे आणि गप्प बसायचं. तोंडाची पक्की म्हणून तिचा लौकिक होता.

ते तोंड सुटलं एकदाच, भावाकडे जेवताना. कुंपणावर वाढणाऱ्या एका साध्या वेलीचा अर्क दिलेल्या उंदरांच्या जखमा निम्म्याच आहेत, हे शेवटी यादी उघडल्यावर तिला कळलं होतं. आनंदाच्या भरात ती बोलून गेली, “आमच्या वेलीने कमाल केली बघा. गोळीने जठर सोलून निघायचं, ते वाचलं!”

तिचा थोरला भाऊ फरशा बसवायचा. तीस वर्षं जमिनीवर टेकून टेकून त्याचे गुडघे कामातून गेले होते. गोळी घेतल्याशिवाय त्याला उठवत नसे.

“आपल्या मागच्या भिंतीवर आहे, तीच ना ही वेल?” त्याने विचारलं.

“तीच. पण दादा, अजून उंदरांवरच चाललंय हां.”

“मग उंदराचं पोट काय दगडाचं असतं?” तो हसला. विषय मिटला, असं तिला वाटलं.

तीन आठवड्यांनी भर दुपारी वहिनीचा फोन आला. “ह्यांना कामावर घेरी आली. दोघांनी धरून घरी आणलंय. दवाखान्यात चला म्हटलं तर अंगावर येतायत. तुम्हीच या.”

ती पोचली तेव्हा दादा भिंतीला टेकून बसला होता. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, हात बर्फासारखे. तिने नाडी धरली. नाडी नुसती धावत होती.

“उन्हाने झालं असेल,” तो पुटपुटला.

“चार दिवस ऊन दिसलं नाही, दादा. खरं सांग, शौचाला काळं होतंय? डांबरासारखं?”

“काय विचारतेस हे सगळ्यांसमोर!”

“होतंय का?”

त्याने मान खाली घातली. “परवापासून.”

काळं म्हणजे पचलेलं रक्त. आत रक्त वाहत होतं. शेजाऱ्याच्या गाडीत त्याला आडवं घातलं. वाटेत त्याने डोळे मिटूनच कबुली दिली. दोन गोळ्यांच्या पाच झाल्या होत्या. रोज सकाळी वेलीचा पाला उकळून पेलाभर काढा, आणि वर गोळ्या.

“एवढ्या गोळ्या, दादा?”

“काम अडलं होतं गं. आणि तुझी वेल होती ना राखणीला.”

तिने त्याचे पाय उचलून मांडीवर घेतले.

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय काय घेता? दादा म्हणाला, “कधीमधी एखादी गोळी.”

“खोटं,” ती म्हणाली. “रोज पाच. आणि पाल्याचा काढा. आमचा अर्क वेगळा, मोजून दिलेला, तोही उंदरांना. हा त्याने घरीच उकळला. माझंच बोलणं ऐकून.”

वहिनीने चमकून तिच्याकडे पाहिलं.

दादाला आत नेलं. तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून बघणार होते. बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून. वहिनी म्हणाली, “तुम्ही बोललात म्हणून ते निर्धास्त झाले.” आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. नखाएवढ्या जठरांतले रक्ताचे ठिपके मोजण्यात मोजणीबाईची हयात गेली होती. आज दाराआडचं काही दिसत नव्हतं.

तासाभराने डॉक्टरीणबाई आल्या. जठरात खोल जखम होती, रक्तवाहिनी उघडी पडली होती. चिमटा बसवून ती बंद केली होती. “रक्त चढवतोय. संध्याकाळपर्यंत थांबला असतात, तर काही सांगता आलं नसतं.”

दादा वाचला. आठव्या दिवशी घरी आला. गुडघ्यांवरचं काम सुटलं. आता तो उभ्याने यंत्रावर फरशा कापून देतो, आणि बसवणाऱ्यांच्या चुका काढतो.

वहिनी ते सात दिवस नणंदेशी कामापुरतंच बोलली. दादा घरी आला त्या दिवशी मात्र तिने नणंदेला स्वयंपाकघरात बोलावलं आणि एक पिशवी हातात ठेवली. हत्यारांच्या पेटीतून, जुन्या बुटातून, उशीच्या अभ्र्यातून शोधून काढलेल्या गोळ्यांची पाकिटं होती.

“ह्यांना माझ्याकडून बरोबर काढून घेता येतील,” ती म्हणाली. “तुम्ही घेऊन जा. आणि चहा टाकलाय, थांबा.”