मासा एक वीत कमी

आमच्या मोठेबाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावानं, एकदा गावच्या तलावातून मरळ काढली. डोकं बांधाच्या पाळीवर टेकलं तरी शेपूट अजून पाण्यातच होतं. ती ओढायला तीन बैलजोड्या लागल्या, आणि चौथी जोडी नुसती पाहायला आली होती. हे मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. पण आमच्याकडे पाहिलेल्यापेक्षा ऐकलेलंच जास्त टिकतं.

जाळं दुरुस्त करता करता मोठेबाबा हे सांगत. समोर बसणाऱ्याचं काम एकच, दर वाक्याला ‘हूं’ म्हणायचं. हूं नसला की गोष्ट पुढे सरकत नसे. आणि त्या हूंचा एक कायदा होता. ऐकणाऱ्यानं ‘खोटं आहे’ म्हणायचं नाही, तो सांगणाऱ्याचा अपमान. त्यानं फक्त गप्प राहायचं. तो गप्प राहिला की सांगणाऱ्यानं मुकाट्यानं मासा एक वीत कमी करायचा आणि पुढे जायचं.

“काऊन बे, झोपला का?” मोठेबाबा विचारत.

मी गप्प.

“बरं, दोन बैलजोड्या.”

“हूं.”

असं माझं शिक्षण झालं. पुढे नोकरी लागली ती पोंभुर्ण्याजवळच्या लाकडाच्या डेपोत. दिवसभर सागाच्या लठ्ठ्यांना, म्हणजे ओंडक्यांना, टेप गुंडाळायची आणि गोलाई वहीत मांडायची. तिथं एक वीत काय, एक बोट इकडचं तिकडं चालत नसे. सहा दिवस एवढं खरं लिहून माणसाचाच लठ्ठा होतो. म्हणून सातव्या दिवशी मी एसटीनं चंद्रपूरला जायचो आणि ब्लॉग लिहायचो.

दोन हजार सात-आठचा सुमार असेल. बसस्टँडमागे एक सायबर कॅफे होता. प्लायवुडचे सहा खोके, प्रत्येकाला निळा पडदा. बाहेर असं ऊन की कावळेसुद्धा उडायचं सोडून भिंतीच्या सावलीनं पायी जात. आत मात्र कूलरचा ओला वारा, वाळ्याचा वास आणि पडद्यांतून झिरपलेला निळसर उजेड. त्या खुर्चीत बसलं की मला तलावाच्या तळाशी बसल्यासारखं वाटे. रोमन अक्षरं दाबायची आणि समोर काचेवर मराठी अक्षरं बुडबुड्यासारखी वर यायची. किती वाजले, कोणता वार, काही उरत नसे. शेवटची बस चुकू नये म्हणून कॅफेवाले भाऊ पडद्यावर टिचकी मारत, तेव्हा मी वर येऊन श्वास घ्यायचो.

मी मरळीवर लिहिलं. राजुऱ्याच्या कोळशानं काळा पडलेला आणि तीन पावसाळे धुऊनही गोरा न झालेला बगळा लिहिला. डेपोतला एक लठ्ठा रात्रीतून पालवी फुटून पुन्हा जंगलात निघून गेला, तेही लिहिलं. चार महिने लिहीत होतो आणि खाली दर वेळी तेच, ‘प्रतिक्रिया शून्य’. रिकाम्या पाळीवर बसून पाण्याला गोष्ट सांगावी, तसं. बेडूकसुद्धा हूं म्हणेना.

आणि एका रविवारी उघडून पाहतो तर मरळीच्या खाली एकच शब्द. ‘हूं.’

मी खुर्चीतून एवढा उडालो की पंख्याला डोकं लागता लागता राहिलं. हा कायदा माहीत असलेलं माणूस या काचेच्या आत आलं कुठून?

ती एक बाई होती. वयानं माझ्या आईएवढी. लेकाकडे परदेशात राहत होती, जिथं सहा महिने खिडकीबाहेर पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही. तिच्या ब्लॉगवर स्वतःचा फोटो नव्हता, एक निळं रानफूल होतं. मीही तिला कधी नाव विचारलं नाही. माझ्या प्रत्येक गोष्टीखाली ती ‘हूं’ लिही. अस्वलाच्या एका गोष्टीखाली तिनं काहीच लिहिलं नाही. पुढच्या रविवारी मी अस्वलाची छत्री काढून घेतली. लगेच हूं आला.

हळूहळू आणखी लोक आले. ब्लॉगवाल्यांचा कायदा पंगतीचा. तुम्ही माझ्याकडे जेवलात, आता मी तुमच्याकडे. मी कविता वाचायचो, पाककृती वाचायचो, एका मुलीच्या मांजरीचं आजारपण मी घरच्यासारखं काढलं. कोणी ‘खो’ द्यायचं, म्हणजे एकच विषय एकानं लिहून दुसऱ्यावर ढकलायचा. आणि जिथं पंगत तिथं भांडणही आलंच. नाशिकचे एक निवृत्त इंजिनिअर होते. ते माझ्या ब्लॉगवर पहिल्यांदा आले तेच टेप घेऊन. “माशाची लांबी मीटरमध्ये द्यावी. फोटो असल्यास उत्तम.” आणि खाली त्या बाईला उद्देशून, “ताई, नुसतं हूं ही कसली प्रतिक्रिया? ज्यानं एवढं लिहिलं त्याला दोन वाक्यं तरी द्या.”

मी पेटलो. त्यांना असं उत्तर लिहिलं की कॅफेतला कूलर तापला. पाठवणार, तेवढ्यात पाहिलं, तिनं आधीच लिहून ठेवलं होतं. “भाऊ, आमच्या इकडं हूं म्हणजे पाट मांडून दिला असं समजा. बसा तुम्ही पण.” इंजिनिअर बसले. टेप मात्र त्यांनी सोडली नाही. दर गोष्टीखाली त्यांचा एक प्रश्न असे आणि तिचा एक हूं. मी त्या दोघांच्या मध्ये बैलगाडीच्या दोन चाकांवर चालल्यासारखा चालत होतो.

मग फेब्रुवारीत तिची ईमेल आली. पहिल्यांदाच मोठी. तिचं माहेर पोंभुर्ण्यापासून तासाभरावरच्या एका गावचं. तिथल्या तलावाच्या पाळीवर एक मोहाचं झाड होतं. तिची आई पहाटे त्याखाली फुलं वेचायची आणि तिला टोपलीत झोपवायची. जागी व्हायची तेव्हा अंगावर फुलं पडलेली असायची. “आता गुडघे नेत नाहीत, येणं होणार नाही. ते झाड आहे का, तेवढं सांगाल?”

तेवढं सांगायला काय लागत होतं? मोटारसायकलला एक लाथ. पण मी डेपोतला माणूस, झाडं माझ्याकडे आडवी होऊन येतात, मी कशाला जाऊ? मी तिथल्या तिथं लिहिलं, “आहे ना! असं आहे की...”

त्या ‘असं आहे की’मधून दोन महिने निघाले. मी ते झाड लिहीतच गेलो. पहाटेच्या धुक्यात एक एक फूल टप्पकन पडतं, त्या आवाजानं तलावातले मासे कूस बदलतात. वास एवढा दाट की हेमलकशाकडच्या हरणांना झोपेत ठसका लागतो. एक फांदी पाण्यावर वाकलेली, तिच्यावरून फुलं पाण्यात पडतात आणि मासे गुंगून उताणे तरंगतात. लिहिता लिहिता मलाच तो वास येऊ लागला. कॅफेवाले भाऊ पडदा सारून म्हणाले, “भाऊ, काही घेऊन त नाई बसले ना जी?”

लोक वेडे झाले. वीस-वीस प्रतिक्रिया. तिचे हूंही येत होते. निदान मला तसं वाटत होतं. एवढ्या गर्दीत एकेक हूं मोजतो कोण?

एप्रिलच्या शेवटी इंजिनिअरांचं पत्र आलं. मे महिन्यात ते ताडोब्याला वाघ पाहायला येणार होते. “ताईंनी त्या झाडाचा फोटो मागितला आहे. तुम्ही सोबत याल ना?”

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी मोटारसायकलला ती लाथ मारली.

तलाव होता. पाळ होती. पाळीवर पळस होते, बोरी होत्या. मोह नव्हता. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनदा गेलो. एक म्हातारी लांबच्या काठावर भांडी घासून पाळीवरून घरी निघाली होती. ती माझ्याजवळ थांबली.

“कोनाले पाहून राह्यले जी?”

“इथं मोहाचं झाड होतं ना, बाई?”

“ते त कवाच पडलं. वादळात. मंग पाळ दुरुस्त केली, वरून मुरूम टाकला.”

“कुठं होतं?”

“तुमी उभे आहा तिथीच.”

मी पाय उचलले. कोणाच्या तरी अंगावर पाय पडल्यासारखे. पायाखाली लाल मुरूम होता, बाकी काही नाही.

खरं सांगतो, आणि हे शब्द मी जपून वापरतो, त्या दिवशी मला घाम फुटला तो उन्हाचा नव्हता. मरळीची गोष्ट वेगळी. मरळ तिनं मागितली नव्हती, मी दिली होती. झाड मात्र तिनं विचारलं होतं. हे कळलं तर ती जाईल, आणि ती गेली तर मी पुन्हा पाण्याला गोष्टी सांगणार. पण माझं डोकं सरळ चालेल तर ते माझं कसलं? परतताना दोन कोसांवर दुसऱ्या तलावाची पाळ लागली आणि तिच्यावर एक ऐसपैस मोह. मी गाडी थांबवली. झाडाला काही रेशन कार्ड नसतं.

इंजिनिअर आले. उंच, किडकिडीत, गळ्यात कॅमेरा, खिशात खरोखरची टेप. मी त्यांना त्या दुसऱ्या झाडाखाली नेलं. नवी पालवी तांब्यासारखी लाल झाली होती आणि पाण्यावरून वारा येत होता. झाड देखणं होतं, माझ्या लेखातल्यापेक्षा बरंच खरं.

“वा!” ते म्हणाले. मग वहीतून एक चिठ्ठी काढली. “ताईंनी काही खुणा लिहून दिल्यात. झाडाला पाठ टेकून उभं राहिलं की समोर आईचं शेत दिसायचं. पाणी पाठीमागे, उन्हाळ्यात आटून बरंच लांब गेलेलं.”

ते झाडाला पाठ टेकून उभे राहिले. समोर पायाशीच पाणी चमकत होतं. मागे खडक होता.

मी वाट पाहिली. हा माणूस मीटर विचारणारा. आता दिशा विचारेल, नकाशा काढेल, टेप काढेल. माझी उत्तरं तयार होती, पाळ सरकली, पाणी वाढलं, शेत बुडालं. पण ते काही बोललेच नाहीत. चिठ्ठीची घडी घातली, खिशात ठेवली आणि पाण्याकडे पाहत उभे राहिले.

हा कायदा त्यांना कोणी शिकवला होता?

तांबूस पालवी हलत होती. एक खंड्या पाण्यावर सूर मारून गेला. मोठेबाबा जाळं मांडीवर घेऊन माझ्याकडे पाहतायत असं मला वाटलं, पण आता सांगणारा मी होतो.

“हे ते झाड नाही,” मी म्हणालो.

“बरं.”

“ते झाडच नाही. कधीचं पडलं. मी आधी पाहायलाच गेलो नव्हतो.”

“अहो, मग चला तिथं,” ते म्हणाले. “जागेचा तरी फोटो काढू.”

गेलो. मी त्यांना मुरमावर उभं केलं. समोर शेत होतं, धान कापून मोकळं झालेलं, आणि पाणी पाठीमागे, बरंच लांब. त्यांनी फोटो काढला.

“हे ताईंना तुम्ही सांगणार की मी?”

“मीच लिहितो,” मी म्हणालो.

त्या रविवारी कॅफेत बसून मी जुने लेख चाळले. फांदी पाण्यावर वाकते तो लेख उघडला. खाली तेवीस प्रतिक्रिया. हूं नव्हता. त्याच्या पुढच्या तिन्ही लेखांखाली नव्हता. बाई दीड महिन्यापासून गप्प होती, आणि मी मासा वीतभर लांबच करत चाललो होतो.

मी लिहिलं. डेपोच्या वहीत लिहितो तसं. झाड नाही. वादळात पडलं. तिथं मुरूम आहे. समोर शेत दिसतं. मी न जाता ‘आहे’ म्हणालो. खाली तो फोटो लावला. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात आखूड लेख.

लोकांनी काय काय लिहिलं. कोणी ‘फसवलंत’ म्हणालं, कोणी यादीतून माझा ब्लॉग काढला, मांजरवाल्या मुलीनं बोलणं सोडलं. त्यांचं बरोबरच होतं. इंजिनिअरांनी मात्र एवढंच लिहिलं, “जागा मी पाहिली आहे.” ती काहीच बोलली नाही. एक रविवार गेला. दुसरा गेला. तिसऱ्या रविवारी मी जावं की न जावं करत एसटीत बसलो. खिडकीतून जंगल संथपणे मागे वाहत होतं.

पडदा सारला, काच उजळली. तिची प्रतिक्रिया होती, आणि ती खाली खाली सरकवत गेलो तरी संपत नव्हती.

“भाऊ, तुमचं झाड फारच लहान होतं,” तिनं लिहिलं होतं. “आमचं झाड असं होतं की त्याच्या सावलीत गावातल्या अर्ध्या लोकांची लग्नं लागली आणि उरलेल्या अर्ध्यांना जागा उरली. फुलं पडायची तेव्हा आई मला टोपलीत झोपवून टोपलीवर पदर टाकायची, नाहीतर मी फुलांत बुडाले असते. एकदा अस्वल आलं. आई फुलं वेचत होती, तेही वेचायला बसलं. दोघांनी वाटे घातले. आईचा वाटा मोठा होता, कारण अस्वल लाजाळू होतं. ते दर वर्षी यायचं. माझ्या लग्नाच्या साली त्यानं मोहफुलांची एक टोपली दाराशी आणून ठेवली. झाड पडलं ते बरं झालं. आता ते कोणाला मोजता येणार नाही.”

लाजाळू अस्वलाला मी गप्प राहायला हवं होतं. कायदा म्हणजे कायदा. मोठेबाबा असते तर त्यांनी निदान अस्वलाची टोपली तरी काढून घ्यायला लावली असती.

कूलर गुरगुरत होता. निळ्या पडद्यापलीकडे चंद्रपूरचं ऊन उभं होतं, पण ते इथपर्यंत पोचत नव्हतं. मी दोन-तीन अक्षरं दाबली आणि काचेवर एकच वर आलं.

‘हूं.’