अध्यक्षांसाठी एक दार

गोरेगावात निता खिल्लारे कुठं राहते म्हणून विचारलं तर लोक डोकं खाजवतात. 'क्लाऊडवाली' म्हटलं की मात्र कुणीही थेट दारापर्यंत आणून सोडतं. हे नाव पडायचं कारण एवढंच, की ती नेमकं काय करते हे गावाला कळलेलं नाही, आणि कळलेलं नाही असं कबूल करायला गाव तयार नाही. विहाराच्या अभ्यासिकेतल्या एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर ती शिकली, हिंगोलीला पदवी घेतली, पुण्यात सहा वर्षं बँकांसाठी आणि मोठ्या दुकानांसाठी भाड्याच्या सर्व्हरवर, म्हणजे क्लाऊडवर, बंदिस्त नेटवर्कं उभारली, आणि वडील नरसिंग गेल्यावर आईजवळ परत आली. आता पत्र्याच्या खोलीत बसून तेच करते. कामाशिवायच्या माणसाला आत शिरता येऊ नये अशी बांधणी करायची, हा तिचा धंदा. तिच्या स्वतःच्या खोलीला मात्र कडी नाही. चहाच्या वेळी कुणीही आत येतं आणि स्क्रीनमध्ये डोकं घालून 'काय चालू हाय?' विचारतं.

गावात 'कनककंद' नावाची हळद उत्पादक कंपनी आहे. आधी तो गट होता, मग त्याची कंपनी झाली, पण अध्यक्ष किशनराव तेच राहिले आणि त्यांच्या खिशातली वहीही तीच राहिली. कंपनीकडे हळद शिजवायचे दोन कुकर. काढलेली हळद आठ-दहा दिवसांत शिजली नाही तर काळी पडते, म्हणून नंबर लावावा लागतो, आणि नंबर त्या वहीत. सतराव्या नंबरावर जेवायला गेलेला माणूस हात धुऊन येईपर्यंत एकतिसावा झालेला असायचा. निता नववीत होती त्या साली नरसिंगचा नंबर सात वेळा मागं गेला. काळवंडलेली हळद घेऊन तो बाजारात उभा राहिला आणि विकून होईपर्यंत त्यानं मान वर केली नाही. निता त्याच्या शेजारीच उभी होती. ती मान ती विसरलेली नाही.

तर गेल्या हंगामात अनुदान देणाऱ्यांनी अट घातली, की नंबरांची यादी सगळ्यांना मोबाईलवर दिसली पाहिजे. अध्यक्षांना वाटलं, वहीचा फोटो काढून ग्रुपवर टाकू. तसं चालत नाही म्हटल्यावर काम निताकडे आलं.

तिनं कंपनीच्या ऑफिसातल्या फळ्यावर खडूनं तीन चौकोन काढले आणि संचालक मंडळाला समजावलं. पहिला चौकोन म्हणजे वेबसाईट. तिचं दार रस्त्यावर, सभासदानं यायचं आणि विचारायचं. मधला चौकोन म्हणजे कॅश, पैशाची नव्हे, आठवणीची खोली. अठराशे सभासद दिवसातून वीसदा 'माझा नंबर कितवा' विचारणार, दरवेळी मूळ यादी उघडली तर ती दमेल. म्हणून एकदा मिळालेलं उत्तर कॅश पाच मिनिटं लक्षात ठेवते आणि पुढच्याला तेच सांगते. तिसऱ्या चौकोनात मूळ यादी. मधल्या आणि आतल्या खोलीला रस्त्याकडून दारच नाही. जे विचारायचं ते फक्त पहिल्या खोलीनं विचारायचं. डागडुजीसाठी एक पहारेकरी मशीन, त्याची किल्ली निताकडे, आणि ती किल्ली वापरली की तिचंही नाव नोंदीत चढणार.

किशनरावांनी तिन्ही चौकोनांना निरखून पाहिलं. "समदं बराबर हाय," ते म्हणाले. "पण मी कुठून जायाचं?"

"समद्यांसारखं पुढच्या दारातून, आण्णा. यादी बघता येईल, बदलता येणार न्हाई."

"म्हंजे मी अध्यक्ष, अन् मलाच कडी लावून राहिली का तू?"

त्यांच्या आवाजात राग कमी आणि दुःख जास्त होतं. तीस वर्षं त्यांनी बँकेत, दवाखान्यात, तहसिलात, कुठंच पुढच्या दारानं पाऊल टाकलेलं नव्हतं. रांगेत उभं राहणं हे त्यांच्या लेखी आजारपण होतं. आठवड्याच्या आत ठराव झाला: 'मा. अध्यक्षांसाठी यादीत बदल करण्याकरिता स्वतंत्र व सन्मानपूर्वक प्रवेशद्वार करण्यात यावे.' अकराच्या अकरा संचालकांनी सही केली. त्यातले दोघं त्या दिवशी सेनगावला लग्नात होते, तरी अकरा.

निताला ते काम सोडून द्यावंसं वाटलं. पण सोडलं असतं तर दुसऱ्या कुणी असं दार केलं असतं, की त्यातून कोण आलं-गेलं याचा पत्ताच लागला नसता. तिनं दार करायचं कबूल केलं आणि एकच अट घातली.

"आत जो बदल करील त्याचं नाव, वेळ अन् कारण नोंदलं जाणार. कारण लिहिल्याबिगर बदल व्हणार न्हाई. नोंद पुसता येणार न्हाई. तुमची बी, माझी बी. अन् ती समद्यांना दिसंल."

दुसरा कुणी असता तर इथंच सावध झाला असता. पण किशनराव म्हणजे वारंगा फाट्यापर्यंत ज्यांचे वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात तो माणूस. त्यांच्या कानात एकच शब्द शिरला.

"नाव येणार? कसं येणार?"

"नुसतं किशनराव."

"नुसतं काहून? 'मा. अध्यक्ष' लाव. अन् 'यांच्या शुभहस्ते' लाव. ऑफिसाभाईर मोठा टीव्ही बसवू, त्याच्यावर दाखव. किती टाइम दिसंल?"

"कॅश पाच मिनिटांनी नवं पान आणते, आण्णा."

"पाच मिनिटं!" किशनराव खरोखर दुखावले. "अगं, फ्लेक्स बी आठ दिवस राहतो. चोवीस तास ठेव."

निता म्हणाली, यादीचं पाच मिनिटांचंच राहू द्या. पण बदल करणाऱ्यांची नावं झळकणाऱ्या सन्मानाच्या पानाला चोवीस तास लावले तर मधे आत काहीही बदललं तरी बाहेर जुनंच दिसत राहील. हे तिनं दोनदा सांगितलं आणि चोवीस तासांचा ठराव लेखी घेतला. मुद्दाम नमूद करायला हवं, कारण तिनं अध्यक्षांना फसवलं असं पुढं काही लोक बोलले. फसवायला माणूस आधी ऐकणारा लागतो.

हंगाम सुरू झाला. निताची आई कमलबाई, नरसिंगच्या मागं दोन एकर एकटीनं बघणारी बाई, हिचा नंबर लागला एक्केचाळीस. हळद काढून झाली होती, दिवसाला सात-आठच नंबर होणार होते आणि आभाळ अवेळी भरून यायला लागलं होतं.

"लेक क्लाऊडवाली अन् माय रांगेत," कमलबाई भाकरी थापताना म्हणाली. "एक बटन दाबाया काय तकलीफ हाय तुला? तुह्या बापाची हळद कशी गेली, इसरलीस का?"

निता उठून आपल्या खोलीत गेली. पण दुपारी आभाळ काळं झालं तेव्हा तिनं पहारेकरी मशीन उघडलं. एक्केचाळीस पुसून पाच लिहायचा, एवढंच काम. आणि मग ऑफिसाबाहेर लागलेल्या टीव्हीच्या फलकावर काय येईल ते तिला लख्ख दिसलं: 'कु. निता नरसिंग खिल्लारे यांच्या शुभहस्ते...' बापाच्या नावासकट. तिनं मशीन बंद केलं, आणि त्या दिवशी ती आईशी उगाचच भांडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुकर पेटले आणि किशनरावांचे मेहुणे रामप्रसाद तीन ट्रॉल्या हळद घेऊन हजर झाले. नंबर एकशे सत्याऐंशी. किशनरावांनी खुर्ची टीव्हीसमोर ओढली, चष्मा लावला आणि आपल्या सन्मानपूर्वक दारातून आत गेले. कारणाच्या रकान्यापाशी ते थबकले नाहीत. आयुष्यात कधी खोटं कारण द्यायची वेळच आली नव्हती, त्यामुळे त्यांनी खरं लिहिलं. टीव्हीवर पिवळ्या अक्षरांत झळकलं:

'मा. अध्यक्ष किशनराव यांच्या शुभहस्ते श्री. रामप्रसाद यांचा क्रमांक १८७ वरून ४ करण्यात आला. कारण: मेहुणे. वेळ: सकाळी ९.१२.'

किशनरावांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढला आणि सभासदांच्या ग्रुपवर टाकला.

कुकर चालवणारा भीमसिंग तांड्यावरचा, आवाजाचा मोठा. त्यानं फोटो पाहिला आणि रांगेला खणखणीत वाचून दाखवला. 'कारण: मेहुणे' एवढं त्यानं दोनदा वाचलं. अर्ध्या तासात ऑफिसासमोर दीडशे माणूस. कुणी दगड उचलला नाही, कुणी शिवी दिली नाही. सगळे टीव्हीकडे बघत उभे राहिले आणि नवा आलेला प्रत्येकजण पुन्हा मोठ्यानं वाचायचा. शिव्या परवडल्या असत्या.

किशनरावांनी घाईघाईनं एकशे सत्याऐंशी परत केला. टीव्ही हलला नाही. त्यांनी निताला फोन लावला.

"पूस ते!"

"पुसता येत न्हाई, आण्णा."

"मंग ते कॅश का काय, ते रिकामं कर!"

"चोवीस तासांचा ठराव हाय. सही तुमची हाय. नवा ठराव आणा, लगेच करते."

संचालकांना बोलावणी गेली. अकराच्या अकरा त्या दिवशी लग्नात होते. शेवटी अध्यक्षांनी टीव्हीची वायर उपटली. पण पान अठराशे मोबाईलवर होतं, आणि अठराशे वायरी कुठून उपटणार! दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला ते आपोआप बदललं: 'मा. अध्यक्ष किशनराव यांच्या शुभहस्ते श्री. रामप्रसाद यांचा क्रमांक ४ वरून १८७ करण्यात आला. कारण: लोक जमले.'

किशनराव अजूनही अध्यक्ष आहेत, नाहीतर ते गोरेगाव कसलं. त्यांचं दार मात्र 'दुरुस्तीसाठी' बंद आहे, आणि निताचं पुढच्या हंगामाचं काम 'विचाराधीन' आहे.

त्या फोटोनंतर पाच दिवसांनी निता आईसोबत बैलगाडीत हळद घालून कुकरवर गेली. पस्तिसावा नंबर शिजून उतरत होता. वर आभाळ गच्च. भीमसिंगनं लांबूनच हाक मारली.

"कमलबाई, या म्होरं! तुमच्या पोरीमुळं आमचे नंबर वाचले. पाणी यायच्या आत तुमची घालतो. कुणी काय म्हणणार न्हाई."

रांगेतली माणसंही बाजूला झाली. निताच्या जिभेवर 'चल' आलं होतं. आठवडाभर भाकरीगणिक बोलणी खाल्ली होती, आणि हे तर लोक राजीखुशीनं देत होते, कुठल्या फलकावर चढणार नव्हतं.

कमलबाई गाडीवरून उतरली नाही.

"माहा एक्केचाळीस हाय," ती म्हणाली. "छत्तीसचं कोण हाय? त्याला बोलव."

"अवो, पाणी येऊन राहिलं..."

"येऊ दे. सात बारी ढकललं हिच्या बापाला. मी कुणाला ढकलीत न्हाई."

मग तिनं निताकडं वळून, "बघतीस काय? ताडपत्री धर तिकडून," असं खेकसून म्हटलं. निताला डोळे पुसायचे होते, पण दोन्ही हातांत ताडपत्री होती.